पक्षाघातानंतर चांगल्या सवयी कशा लागतात? नुसता सल्ला का पुरत नाही?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा सोबत औषधांची चिठ्ठी असते आणि सूचनांची लांबलचक यादी. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला, गोळ्या चुकवू नका. पहिले काही आठवडे सगळे घर या यादीभोवती फिरते. मग हात हलू लागतो, बोलणे सुधारते आणि 'आता बरे वाटतेय' म्हणत एकेक गोष्ट सुटत जाते. आधी चालणे, मग पथ्य आणि शेवटी गोळ्या.

खरा धोका इथे असतो. पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांपैकी साधारण चारातल्या एकाला पुढच्या पाच वर्षांत पुन्हा झटका येतो. मेंदूची आधीच हानी झालेली असल्याने दुसऱ्या झटक्यातून सावरणे बहुतेकदा जास्त कठीण जाते. हा दुसरा झटका बऱ्याच अंशी टाळता येतो. मात्र त्यासाठी लागणाऱ्या सवयी धाकाने किंवा उपदेशाने टिकत नाहीत. त्या टिकवण्यासाठी घराची रोजची व्यवस्था बदलावी लागते.

पक्षाघातात नेमके काय होते?

मराठीत लकवा, अर्धांगवायू किंवा 'पॅरालिसिसचा झटका' म्हणून ओळखला जाणारा हा आजार हातापायांचा नसून मेंदूतील रक्तवाहिन्यांचा आहे. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली किंवा वाहिनी फुटली, की त्या भागातील पेशी मरू लागतात. गुठळीमुळे येणारे झटके संख्येने बरेच जास्त असतात. मेंदूचा जो भाग बाधित होतो, त्यानुसार हात-पाय, बोलणे, गिळणे, दृष्टी, तोल किंवा स्मरणशक्तीवर परिणाम होतो.

हात-पाय सुधारले म्हणजे आजार संपला, असे यात होत नाही. ज्या कारणांनी वाहिनी बंद झाली किंवा फुटली, ती कारणे शरीरात तशीच असतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके ही त्यांतली मुख्य.

सवयींनी खरोखर किती फरक पडतो?

'इंटरस्ट्रोक' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३२ देशांतील सुमारे २७ हजार लोकांची माहिती तपासली गेली. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका दहा घटकांशी जोडलेला असल्याचे त्यात दिसले. रक्तदाब, हालचालीचा अभाव, रक्तातील चरबी, आहार, पोटाचा घेर, मानसिक ताण, धूम्रपान, हृदयरोग, दारू आणि मधुमेह हे ते दहा घटक. यातील बहुतेक घटक बदलता किंवा आटोक्यात ठेवता येतात.

यात रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा आहे. पक्षाघात होऊन गेलेल्या ६,१०५ रुग्णांवरील 'प्रोग्रेस' या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांमुळे पुढचा झटका येण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. ज्यांचा रक्तदाब आधी फारसा जास्त नव्हता, त्यांनाही फायदा झाला होता.

मग नुसते सांगून का भागत नाही?

याचे एक उत्तर भारतातच मिळाले आहे. 'स्प्रिंट इंडिया' या चाचणीत देशभरातील ३१ केंद्रांवरील ४,२९८ रुग्ण सहभागी झाले. अर्ध्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत मोबाइलवर संदेश, आरोग्यविषयक व्हिडिओ आणि माहितीपुस्तिका देण्यात आली. हे साहित्य १२ भाषांत तयार केले होते. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. गोळ्या नियमित घेणाऱ्यांचे आणि दारू सोडणाऱ्यांचे प्रमाण या गटात थोडे जास्त दिसले. पण वर्षभरात पुन्हा पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

चीनमधील ग्रामीण भागात झालेल्या एका चाचणीचे चित्र वेगळे आहे. ६०० गावांतील सुमारे २१ हजार लोकांपैकी बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेला होता. निम्म्या गावांत नेहमीच्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले. स्वयंपाक तोच, फक्त बरणीतले मीठ बदलले. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या दोन चाचण्या वेगवेगळ्या स्वरूपाच्या आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही घरासाठी त्यांत एक धडा आहे. माणसाला रोज इच्छाशक्ती लावून जे करावे लागते, ते सुटण्याची शक्यता जास्त असते. घरच्या व्यवस्थेतच जे बसवले जाते, ते आपोआप चालू राहते.

'२१ दिवसांत सवय लागते' हे समाजमाध्यमांवरचे लोकप्रिय वाक्यही तपासून पाहिलेले बरे. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमान ६६ दिवस लागल्याचे दिसले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने मात्र सवय मोडली नाही. हे स्वयंसेवक निरोगी होते. मेंदूला इजा झालेल्या माणसाला याहून जास्त काळ लागला, तर त्यात नवल नाही.

गोळ्या: 'बरे वाटतेय' म्हणून सुटणारी पहिली गोष्ट

रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेऊन लगेच काही 'जाणवत' नाही. म्हणूनच ती निरुपयोगी वाटते. रक्तदाब नॉर्मल आला, तर तो गोळीमुळे आलेला असतो. गोळी बंद करण्याचे ते कारण होऊ शकत नाही.

घरात करता येण्याजोग्या काही गोष्टी:

- गोळी रोजच्या पक्क्या गोष्टीला जोडावी. सकाळचा चहा किंवा देवपूजा, रात्रीच्या बातम्या. 'आठ वाजता' यापेक्षा 'चहानंतर' हे जास्त लक्षात राहते. कोणती गोळी उपाशीपोटी घ्यायची, हे आधी विचारून घ्यावे.
- आठवड्याच्या सात खणांचा डबा वापरावा. आजची गोळी घेतली की नाही, हा वाद डबा उघडला की मिटतो.
- पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी नवे आणावे. 'दुकानात नव्हती' म्हणून पडलेला खंड अनेकदा कायमचा होतो.
- एकादशी, चतुर्थी, नवरात्र किंवा रोजे असतील, तर गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधी विचाराव्यात. उपवासाला गोळी चालत नाही, असे मानून ती परस्पर टाळू नये. मधुमेहाच्या रुग्णाने तर उपवास धरायचा का, हेच आधी विचारावे.
- दात काढायचा असेल किंवा छोटी शस्त्रक्रिया असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. तो निर्णय डॉक्टरांचा.

खर्च हेही गोळ्या सुटण्याचे मोठे कारण असते. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत दिली जातात. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवून घेणे फायद्याचे ठरते. आशा सेविका त्यात मदत करू शकतात.

रक्तदाब घरी कसा मोजावा?

पक्षाघातानंतर बहुतेक रुग्णांसाठी रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट सांगितले जाते. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर ते बदलू शकतात.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात छातीच्या उंचीवर आधार देऊन ठेवलेला असावा. पट्टा शक्यतो चांगल्या हाताला बांधावा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मोजताना बोलू नये.

वहीचा दुहेरी उपयोग होतो. डॉक्टरांना औषधाचा डोस ठरवायला मदत होते आणि रुग्णाला आपल्या मेहनतीचा परिणाम आकड्यांत दिसतो. शक्य असेल तर वही रुग्णालाच लिहू द्यावी. उजवा हात चालत नसेल, तर डाव्या हाताने वेडेवाकडे लिहिले तरी चालेल.

मीठ: ताटापेक्षा बरणीकडे पाहावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा आणि त्यात पदार्थांत दडलेले मीठही आले. रोज मीठ मोजून स्वयंपाक कुणी करत नाही. त्यापेक्षा महिन्याचा हिशेब सोपा. चार माणसांच्या घरात महिन्याला एक किलोची पिशवी संपत असेल, तर माणशी दिवसाला ८ ग्रॅमहून जास्त मीठ फक्त स्वयंपाकघरातून जाते. पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स, खारी, पाव आणि सुक्या मासळीतले मीठ त्यात धरलेलेच नाही.

रुग्णासाठी वेगळी अळणी भाजी करण्याची पद्धत बहुधा फार काळ चालत नाही. एकाच्या ताटात ठेचा आणि दुसऱ्याच्या ताटात अळणी दुधी, हे शिक्षेसारखे वाटते. सगळ्या घराचे मीठ हळूहळू कमी केले, तर जीभही काही आठवड्यांत सरावते. भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ टाकू नये. टेबलावरून मिठाची वाटी हलवावी. चवीसाठी लिंबू, कोकम, आले, लसूण, जिरे, कोथिंबीर, ओले खोबरे वापरावे. लोणच्याची बरणी रोजच्या जेवणातून उचलून सणावारापुरती ठेवावी.

सैंधव किंवा काळे मीठ कितीही खाल्ले तरी चालते, हा गैरसमज आहे. त्यातही मुख्यतः सोडियमच असते. पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना अपायकारक ठरू शकते. त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच आणावे.

बाकी आहार घरचाच पुरेसा असतो. ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या, फळे, ताक, मासे. मधुमेह असल्यास फळे आणि भात यांचे प्रमाण ठरवून घ्यावे. गिळायला त्रास होत असेल तर आधी तपासणी हवी. पाणी पिताना ठसका लागणे, जेवणानंतर आवाज घोगरा होणे ही त्याची लक्षणे. अशा माणसाला आडवे असताना कधीही भरवू नये. सरळ बसवून, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर अर्धा तास बसू द्यावे.

तंबाखू: सिगारेट नाही म्हणजे व्यसन नाही, असे नव्हे

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजे इथला मुख्य प्रश्न चुना-तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा आणि मिश्रीचा आहे. मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रियांच्या लेखी ते व्यसन नसतेच, दात घासणे असते. त्यामुळे डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का?' असे विचारले, तर उत्तर 'नाही' येते. घरच्यांनी ही माहिती स्वतः द्यावी.

तंबाखू सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे हे त्रास होतात. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यासाठी बडीशेप, लवंग किंवा चार पावले चालणे उपयोगी पडते. घरात दुसरे कुणी तंबाखू खात असेल, तर किमान रुग्णासमोर पुडी काढू नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे. दारूबाबत 'थोडी चालते' असा परवाना घरातल्या घरात देऊ नये. मात्र रोज पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास झटके किंवा भ्रम होऊ शकतो, म्हणून त्याला वैद्यकीय मदत हवी.

चालणे आणि व्यायाम

सर्वाधिक सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत दिसते. त्यानंतरही सुधारणा होत राहते, फक्त तिचा वेग कमी होतो. 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही' म्हणून व्यायाम सोडणे चुकीचे.

सुरुवात लहान असावी. खुर्चीतून उठणे-बसणे पाच वेळा, पुढच्या आठवड्यात आठ वेळा. आधी घरातल्या घरात फेऱ्या, मग अंगण, मग कोपऱ्यापर्यंत. चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. आठवड्यातून किमान चार वेळा दहा-दहा मिनिटे हे पहिले उद्दिष्ट ठेवता येते. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उभे राहणेही उपयोगी असते. छातीत दुखणे, चक्कर किंवा जास्त धाप लागल्यास थांबावे.

पडण्याची भीती हे न चालण्याचे मोठे कारण असते. ओली न्हाणीघरे, उंबरे, सैल सपाता आणि सरकणाऱ्या सतरंज्या आधी पाहाव्यात. न्हाणीघरात धरायला दांडा, बसायला पक्के स्टूल, मागे पट्टा असलेली चप्पल आणि रात्री मंद दिवा एवढ्याने बराच फरक पडतो. माणसाला उठवताना कमजोर हात कधीही ओढू नये, खांद्याला इजा होते. बधिर झालेल्या भागावर गरम पिशवीने शेकू नये. चटका कळत नाही आणि भाजते.

आळस की आजार?

'ते प्रयत्नच करत नाहीत' ही घरोघरची तक्रार. पण जवळपास निम्म्या रुग्णांना पक्षाघातानंतर असा थकवा जाणवतो, जो झोपूनही जात नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. काहींच्या मेंदूतील पुढाकार घेण्याची यंत्रणाच मंदावते. माणसाला चालायचे असते, पण सुरुवात होत नाही. काहींना अचानक रडू किंवा हसू येते. काहींना डावीकडचे भान राहत नाही आणि ताटातला अर्धा भाग तसाच राहतो.

हे स्वभावदोष नाहीत. थकवा असेल तर व्यायाम सकाळच्या ताज्या वेळी, तुकड्यातुकड्याने करावा. नैराश्यावर उपचार आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, भूक-झोप बिघडणे, जगण्यात रस नसणे असे दिसल्यास डॉक्टरांना सांगावे. 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते. नैराश्याकडे दुर्लक्ष झाले, तर गोळ्या, आहार, व्यायाम सगळेच कोलमडते.

कसे बोलावे?

कालपर्यंत घराचे निर्णय घेणाऱ्या माणसाला आज सून किंवा मुलगा 'हे खाऊ नका, तिथे जाऊ नका' सांगतो. आजारापेक्षा हे जास्त टोचते. हट्टाने पापड मागणे हा अनेकदा स्वतःचा अधिकार दाखवण्याचा शेवटचा मार्ग असतो.

- हुकमाऐवजी निवड द्यावी. 'बाबा, चालायला जाच' याऐवजी 'बाबा, आत्ता जाऊया की ऊन उतरल्यावर?'
- घाबरवू नये. 'असेच केले तर पुन्हा झटका येईल' हे रोज ऐकून माणूस सुधारत नाही, गप्प होतो.
- उद्दिष्ट त्याचेच असावे. गणपतीच्या आरतीला उभे राहणे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, शेताच्या बांधापर्यंत जाणे. 'रक्तदाब कमी करायचा' यापेक्षा हे जास्त ओढून नेते.
- काम काढून घेऊ नये. शेंगा सोलणे, भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे हा हाताचा व्यायामच आहे. वेळ लागेल, तो लागू द्यावा.
- बोलता येत नसेल तर समजत नाही, असे धरू नये. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे छोटे प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी.
- एक दिवस चुकला तर हिशेब मागू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पुन्हा सुरू करावे.

सगळ्या सवयी एकदम लावू नयेत. आधी गोळ्या आणि तंबाखू, मग मीठ, मग चालणे असा क्रम अनेक घरांना झेपतो. आणि हे सगळे एकाच व्यक्तीच्या, बहुधा पत्नीच्या किंवा सुनेच्या, अंगावर पडता कामा नये. औषधे आणणे एकाकडे, चालायला नेणे दुसऱ्याकडे, रविवारची सुट्टी तिला, अशी वाटणी स्पष्ट ठरलेली बरी. काळजी घेणारी व्यक्ती थकली की दिनक्रम आधी मोडतो.

'लकव्यावर रामबाण' औषधांचे काय?

कबुतराचे रक्त चोळणे, गुप्त काढे, एका इंजेक्शनमध्ये बरे करण्याचे दावे, यांपैकी कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. हलका मालिश आराम देऊ शकतो, मात्र तो व्यायामाची जागा घेत नाही. सर्वांत मोठे नुकसान होते ते अशा उपचारांसाठी चालू गोळ्या बंद केल्यामुळे. काही काढ्यांचा रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांशी विपरीत परिणामही होऊ शकतो.

पुन्हा झटका आल्याची लक्षणे

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे, तोल जाणे. यापैकी काहीही दिसले तर वेळ नोंदवून ताबडतोब १०८ ला फोन करावा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षणे काही मिनिटांत गेली तरी रुग्णालयात जावे, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. घरी ॲस्पिरिन किंवा पाणी देऊ नये. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

ही लक्षणे आणि १०८ क्रमांक कागदावर लिहून फ्रिजवर किंवा दाराजवळ लावून ठेवावा. त्या क्षणी घरात कोण असेल, हे आधी ठरवता येत नाही.